आउटलॉ आणि कुरडया

रात्रीचे सव्वानऊ ही आमच्या घरात गृहपाठ आठवण्याची अधिकृत वेळ आहे. त्याआधी ईराला काहीच आठवत नाही, त्यानंतर मला काही सुचत नाही.

"बाबा, आउटलॉ म्हणजे काय?"

मी मराठी माध्यमातला. पाचवीला पहिल्यांदा एबीसीडी बघितलेल्या आमच्या पिढीची एक पद्धत आहे, इंग्रजी शब्द दिसला की आधी तोडायचा. आउट म्हणजे बाहेर, लॉ म्हणजे कायदा. "कायद्याबाहेरचा माणूस. गुंड," मी ठोकून दिलं आणि पुन्हा टीव्हीकडे वळलो.

"पण मॅमनी व्हर्ब म्हणूनही विचारलंय. तीन समानार्थी नाउनचे, तीन व्हर्बचे, आणि सगळ्यांची वाक्यं."

टीव्ही बंद झाला. नामं पटापट सुचली, बँडिट, फ्युजिटिव्ह, क्रिमिनल. (शेवटच्याबद्दल मला खात्री नव्हती. प्रत्येक क्रिमिनल काही आउटलॉ नसतो, बरेचसे सहकुटुंब लग्नाला येतात.) क्रियापदांसाठी बॅन, प्रोहिबिट, फॉरबिड. मग तिने पेन्सिल चावत विचारलं, "एकच शब्द, आणि तोच माणूस पण आणि तीच बंदी पण? असं कसं?"

अशा वेळी मराठी माध्यम कामाला येतं. म्हटलं, "अगं, आपला 'बंदी' घे की! दारूबंदीतली पण बंदी आणि तुरुंगातला पण बंदी. फरक एवढाच, की त्यांचा बाहेर असतो, आपला आत."

स्वतःवरच खूश होऊन मी बंद्यांची यादी सुरू केली. जमावबंदी, संचारबंदी, हुंडाबंदी, 2016ची नोटबंदी. हिवरे बाजारची चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी तर कौतुकाने सांगितली. दारूबंदीपाशी मात्र आवाज खाली आणावा लागला. आपल्याकडे 1949चा दारूबंदी कायदा आजही आहे आणि त्याप्रमाणे प्यायलासुद्धा परवाना लागतो. त्या हिशेबाने आमच्या कॉलेजची अख्खी बॅच आउटलॉ निघते. हे वाक्य वहीत गेलं नाही.

एव्हाना सासूबाई चष्मा पुसत येऊन बसल्या होत्या. इन-लॉ आणि आउटलॉचा विनोद मी केला नाही. तो करायला लागणारी सुरक्षित जागा आमच्या टू बीएचकेमध्ये नाही.

"तडीपार म्हणा की," त्या म्हणाल्या.

अगदी नेमका शब्द! तड म्हणजे काठ, कड. आपण कामं तडीस नेतो (म्हणजे, नेणारे नेतात), पोलीस माणसं तडीपार करतात. 1951च्या पोलीस कायद्यातल्या 55 ते 57 या कलमांखाली माणसाला फार तर दोन वर्षं शहराबाहेर, जिल्ह्याबाहेर घालवता येतं. मग आठ-पंधरा दिवसांनी पेपरात बातमी येते, 'तडीपार गुंडाला राहत्या घरातून अटक'.

"आमच्या वाड्यात एक होता," सासूबाई सांगू लागल्या. "रोज रात्री जेवायला यायचा. त्याच्या आईला विचारलं तर म्हणायची, तडीपार केलंय, उपाशी कुठे ठेवलंय?"

ईराने 'तडीपार' लिहून घेतलं आणि विचारलं, "आणि वाळत टाकणं?"

"वाळत घालतात कपडे. वाळीत टाकतात माणसाला," मी दुरुस्ती केली. गाव ज्याच्याशी बोलत नाही, ज्याला विस्तव देत नाही, तो वाळीत. आणि गंमत म्हणजे महाराष्ट्राने 2016 साली कायदा करून हे वाळीत टाकणंच बेकायदा ठरवलं. म्हणजे बाहेर टाकण्यालाच बाहेर टाकलं. यालाच इंग्रजीत आउटलॉ करणं म्हणतात, असं मी म्हणालो. त्या रात्री मी बोललेलं पूर्ण बरोबर वाक्य ते एवढंच, पण ते नेमकं वहीत उतरलं नाही.

ईरा झोपल्यावर मी मोबाइलवर वाचत बसलो. जुन्या इंग्लंडात आउटलॉ ही शिवी नव्हती, रीतसर शिक्षा होती. न्यायालयाने पुन्हा पुन्हा पुकारूनही जो हजर झाला नाही, त्याच्यावरचं कायद्याचं छत्रच काढून घ्यायचे. अशा माणसाला 'लांडग्याचं डोकं' म्हणत, कारण सुरुवातीच्या काळात त्याला लांडग्यासारखं कुणीही मारलं तरी चालत असे. फौजदारी कायद्यातली ही तरतूद इंग्लंडने पुसली ती थेट 1938 साली. आणि बायकांना आउटलॉ करताच येत नसे! पुरुषांसारखी कायद्याची शपथ त्यांनी घेतलेलीच नसायची, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा शब्द होता, 'वेव्ह' करणं. आपल्या कर्जमाफीतला वेव्हर याच घरातला.

हे मी बायकोला उत्साहाने सांगितलं. ती पोळ्यांची कणीक झाकत म्हणाली, "म्हणजे बाहेर काढायला आधी आत घ्यावं लागतं. मुख्य दिवा घालव."

दोन दिवसांनी वही परत आली. 'माय मदर आउटलॉड मी फ्रॉम मोबाइल' या वाक्यावर लाल रेघ होती. हे वाक्य माझं होतं. शेजारी मॅमनी छोट्या अक्षरांत तीन ओळी लिहिल्या होत्या. आउटलॉ कायदा करतो, आई नाही. आई बॅन करते किंवा फॉरबिड करते. शिवाय आउटलॉ करायचं ते गोष्टीला, 'फ्रॉम' लावून माणसाला नव्हे. खाली लिहिलं होतं, 'वडिलांची मदत घेऊ नये'. माझ्या मदतीला बॅन केलं होतं की फॉरबिड, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

आता इथे एक खुलासा. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि त्याच आठवड्यात गच्चीच्या दारावर मी नोटीस लावली होती, 'गच्चीत पापड, कुरडया वाळत घालण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून.' वॉटरप्रूफिंग नवं होतं आणि चौथ्या मजल्याची तक्रार होती. घरी मात्र कुरडयांचे गहू तीन दिवसांपासून भिजत होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी सकाळी वर गेलो. प्लॅस्टिकच्या कागदावर चार रांगा कुरडया, वरून जुनी ओढणी, चार कोपऱ्यांना चार दगड. एका दगडाखाली घडी करून माझी नोटीस. बाजूला छत्री उघडून सासूबाई राखणीला आणि त्यांच्या मांडीशी ईरा, ओला चीक खात.

"आई, अहो मनाई आहे," मी हळूच म्हणालो.

"ईराने वाचून दाखवली ना. पण तीच म्हणाली, आजी, सोसायटीला आउटलॉ करता येत नाही, ते फक्त कायदा करतो. तिच्या मॅमनी लाल शाईने लिहून दिलंय." त्यांनी एक कुरडई उलटून बघितली. "खालून अजून ओली आहे. तुम्ही आलाच आहात तर बसा इथे अकरापर्यंत. कावळे फार झालेत."