तीस रुपयांचा कंगवा

माझ्या शर्टाच्या खिशात सध्या एक काळा कंगवा आहे. मी तो मागितला नव्हता. गेल्या रविवारी कटिंगच्या पैशांत आणखी ३० रुपये धरून तो माझ्या गळ्यात मारला. का, तर तो माझ्या डोक्याला लागला होता.

मला सोरायसिस आहे. बावीस वर्षं झाली. चारचौघांची कातडी नवी व्हायला महिनाभर घेते. माझी चार-पाच दिवसांत उरकते आणि जुना माल खांद्यावर टाकून मोकळी होते. निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर येतो तेव्हा ती बातमी आम्हा नाशिककरांपैकी माझ्या कोपरांना आदल्या रात्रीच कळलेली असते. म्हणून मी दिवाळीपासूनच कंबर कसतो. कढत पाणी बंद, कोमट चालू. अंग ओलसर असतानाच क्रीम. डोक्याला कोलटारचा शाम्पू, आणि तो लावून पाच मिनिटं तसंच बसायचं. त्या पाच मिनिटांत बायको बाथरूमच्या दाराबाहेरून विचारते, "आज कुठला रस्ता काढलाय करायला?"

एवढं करून यंदा जानेवारीत घसा धरला. घशाच्या इन्फेक्शनचं आणि सोरायसिसचं जुनं साटंलोटं आहे. घसा सुटला आणि डोकं फुललं.

तर सलून. रविवार, सकाळचे साडेदहा, बाकावर चार जण. कारागीर नवा पोरगा. त्याने कंगवा फिरवला आणि काळ्या कापडावर जे काही पडलं ते बघून तो थबकला.

"साहेब, कोंडा लई आहे."

इथे 'हो' म्हणून गप्प बसायचं असतं. बावीस वर्षांच्या अनुभवाने एवढं तरी शिकवायला हवं होतं. पण मी म्हणालो, "कोंडा नाही, सोरायसिस आहे."

बाकावरचा पेपर खाली आला. पेपरामागे एक काका होते. स्वेटर, माकडटोपी, मांडीवर भाजीची पिशवी, पिशवीतून मेथी डोकावत होती.

"म्हणजे कोड का?"

"नाही काका, कोड वेगळं."

"मग गजकर्ण."

"ते बुरशीमुळे होतं."

"नायटा?"

"नायटा म्हणजेच गजकर्ण."

"असं कसं? आमच्याकडे दोन्ही होते!" काकांनी खानदानी त्वचारोगांची वंशावळ उघडली. खरूज झाली, इसब झालं. शब्दकोडं सोडवावं तसे ते एकेक नाव माझ्या टाळूवर बसवून बघत होते. शेवटी आवाज खाली आणून, पण रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं, म्हणाले, "ते... मोठं दुखणं तर नाही ना?"

व्हिएन्नाच्या हेब्रा नावाच्या डॉक्टरांनी १८४१ साली सोरायसिस आणि कुष्ठरोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे स्पष्ट करून ठेवलं. ती वार्ता आमच्या सलूनपर्यंत अजून निघालेली दिसत नाही.

"हे लागत नाही," मी म्हणालो.

"मला माहितीये ना! लागत नाहीच ते," असं म्हणत काकांनी मेथीची पिशवी मांडीवरून उचलून पलीकडे ठेवली. "पण आपण आपली काळजी घेतलेली बरी."

मेथीला सोरायसिस! मला हसू आलं हे खरं, पण मान खाली करायला सांगितली होती म्हणून खाली होती, एवढंच नव्हतं.

"दुधाबरोबर मासे खाता का?"

"मी मासेच खात नाही."

"मग दूध तरी सोडा."

यावर काय बोलणार? पुढे वांगं सुटलं, दही सुटलं. मग म्हणाले, "हे सगळं टेन्शनमुळे होतं. टेन्शन घेऊ नका." हे मात्र पूर्ण चूक नाही. ताणाने चट्टे भडकतात, डॉक्टरही सांगतात. पण मी टेन्शन घेत नाही हो, लोक ते बाकावर बसून देतात.

मग निघाली पुडी. कुठल्याशा गावात कोणीतरी देतो, पंधरा दिवसांत अंग आरशासारखं! ती पुडी मी खाल्लेली आहे. बारा वर्षांपूर्वी. अंग खरंच स्वच्छ झालं, मी हाफ शर्ट शिवून घेतले. पुडी संपली आणि तीन आठवड्यांत डोक्यापासून घोट्यापर्यंत असा पेटलो की ते शर्ट अजून घडीत आहेत. स्किनच्या डॉक्टरांनी नुसता चष्मा काढून डोळे चोळले. अशा पुड्यांत बरेचदा स्टेरॉइड असतं, आणि पोटातून घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबलं की सोरायसिस दुप्पट उसळतो. हे सांगायला तोंड उघडलं, तर काका मोबाइल काढून नंबर शोधत होते. त्यांना माझा आजार बरा करायचा होता, ऐकायचा नव्हता.

या गडबडीत पोरगा बिचकला. त्याला मी आधीच सांगितलं होतं, मशीन हलक्या हाताने, वस्तरा नको. आमच्या कातडीला जिथे खरचटतं तिथे नवा चट्टा उगवू शकतो. कोब्नर नावाच्या जर्मन डॉक्टरने दीडशे वर्षांपूर्वी हे लिहून ठेवलंय. पण गिऱ्हाईक लवकर उठवायच्या नादात त्याने कानामागे वस्तरा ओढलाच. चर्रकन.

उठलो तेव्हा मालकाने कंगवा कागदात गुंडाळून माझ्यासमोर धरला. "घेऊन जा साहेब. तुमचाच राहू द्या." आणि हिशेबात जोडला. मी भांडायला हवं होतं. दिले पैसे. माझ्यानंतर काकांचा नंबर होता. खुर्चीकडे बघून त्यांना आठवलं की घरी पाहुणे यायचेत.

कानामागे आता लाल रेघ आहे. चट्टा यायचा असेल तर दहा-पंधरा दिवसांत कळेल, तोवर रोज सकाळी मान वाकडी करून आरशात बघतोय. कंगव्याचे दात बारीक आणि टोकदार आहेत. डॉक्टरांनी मला रुंद दातांचा वापरायला सांगितलाय.

काकांनी जाताजाता नंबर घेतला होता. काल पहाटे पाच चाळीसला कडुलिंबाच्या पाल्याचा व्हिडिओ आला, खाली गुलाबाचं फूल, आणि त्याखाली : 'कंगवा घरात दुसऱ्या कोणाला देऊ नका.'