वेगमर्यादेत होतो, म्हणजे ‘रॅश’ नव्हतो?

‘रॅश म्हणजे वेगात. रॅश ड्रायव्हिंगची केस टाकली तर पोलिसांना विचारा, माझा स्पीड किती होता? मर्यादेत असेल तर केस टिकत नाही. कुणाला लागलं नसेल तर केसच होत नाही. रॅश आणि निष्काळजी एकच. नव्या कायद्यात पळून गेलात तर सरळ 10 वर्षं.’ सोलापुरात सोसायट्यांच्या ग्रुपपासून रिक्षावाल्यांच्या ग्रुपपर्यंत हा मजकूर फिरतोय. खाली ‘वकील मित्राकडून साभार’. मित्राचं नाव अर्थातच नाही.

आधी वेगाचं बघू. ‘रॅश’ या शब्दाचं जुनं नातं वेगाशी होतं, हे खरं. जर्मनमध्ये ‘राश’ म्हणजे आजही झटपट. पण इंग्रजीत तो केव्हाच अविचाराकडे वळला. साहेबाशी वाजलं म्हणून त्याच दुपारी राजीनामा टेबलावर आपटणं, हाही रॅशपणाच. त्यात गाडी कुठे आली? (अंगावर उठतो तो रॅश निराळा, आणि एप्रिलमधल्या सोलापूरकराला तो समजावून सांगायला नको.)

कायद्यातही तेच. भारतीय न्याय संहितेचं कलम 281, म्हणजे 1 जुलै 2024 पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचं 279, उघडून वाचा. त्यात वेगाचा आकडा नाही. जिवाला धोका होईल किंवा कुणाला दुखापत होण्याचा संभव असेल, इतक्या बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवणं, एवढंच आहे. वेगमर्यादा मोडल्याचा दंड मोटार वाहन कायद्याच्या 183 मध्ये, वेगळा.

आपल्याकडे याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. गाळप हंगामात रात्री पुणे हायवेला मोहोळकडे निघा. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, टेपवर गाणं असं की मागचा हॉर्न ऐकूच जाऊ नये. वर पुढच्या वळणापर्यंतचा फेरा वाचवायला पठ्ठ्या उलट्या बाजूने येतोय. काटा वीसच्या वर नाही. अडवलं तर म्हणणार, ‘कुठं जोरात होतो ओ साहेब?’ मेसेजच्या हिशेबाने हा निर्दोष! उलट्या बाजूने वाहन चालवणं तर 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली धोकादायक वाहन चालवण्यात नावानिशी घातलंय. सिग्नल तोडणं आणि हातात मोबाइल धरून चालवणंही त्याच यादीत आहे.

गंमत म्हणजे उलटंही खरं आहे. फिर्यादीत ठरलेलं वाक्य असतं: ‘हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, भरधाव वेगात’. यातलं ‘भरधाव’ एकटं कोर्टात पुरत नाही. कर्नाटक सरकार विरुद्ध सतीश या 1998 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की गाडी जोरात होती, एवढ्यावरून बेदरकारपणा किंवा निष्काळजीपणा ठरत नाही. म्हणजे ‘स्पीड किती होता’ हा प्रश्न ना आरोपीला पुरता वाचवतो, ना फिर्यादीला.

रॅश आणि निष्काळजी एकच? कलमात दोन्हींमध्ये ‘किंवा’ आहे आणि शिक्षा सारखी, म्हणून गल्लत होते. मद्रास उच्च न्यायालयाने 1872 मध्येच फरक सांगून ठेवलाय: परिणाम वाईट होऊ शकतो हे कळतंय, पण होणार नाही या आशेवर केलेली कृती ती रॅश. सात रस्ता चौकात लाल दिवा दिसतोय, बाजूने बस येताना दिसतेय, तरी ‘निघतो की’ म्हणून गाडी घातली, तर रॅश. स्वतःच्याच तंद्रीत दिवा दिसलाच नाही, तर निष्काळजी.

कुणाला लागलं नाही तर केस नाही, ही निव्वळ थाप. 281 ला दुखापत लागत नाही, तिचा संभव पुरतो. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मृत्यू झाला तर त्याच संहितेचं कलम 106(1), पाच वर्षांपर्यंत कैद.

राहिली ती 10 वर्षं. ते 106(2): मृत्यू झाल्यावर न कळवता पळून गेलात तर 10 वर्षांपर्यंत कैद. जानेवारी 2024 मध्ये ट्रकवाल्यांनी ज्यासाठी चाकं थांबवली होती, तेच. पण बाकीची संहिता 1 जुलैपासून लागू करणाऱ्या अधिसूचनेने हे उपकलम बाजूला ठेवलं, लागू केलं नाही. म्हणून पळायला मोकळीक मिळाली असं मात्र कुणी समजू नये. जखमीला दवाखान्यात पोचवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 ने चालकावर टाकलंय. जमाव अंगावर आला म्हणून थांबता आलं नाही, तर त्याची सवलतही तिथेच आहे. फक्त मग जवळचं पोलीस ठाणं गाठून 24 तासांच्या आत तसं सांगावं लागतं.