दुसरे ३००

औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली आणि नागपुरातला वाद एकाच आकड्यावर अडकला. कामगार कपातीला सरकारी परवानगी केंद्राच्या जुन्या कायद्यात १०० कामगारांपासून लागायची, आता ३०० पासून. एक बाजू म्हणते, हिंगणा-बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत आता मालक वाटेल तेव्हा कामगार काढतील. दुसरी म्हणते, विलायतेत असंच चालतं, मग रडता काहून?

इंग्लंडमध्ये कंपनीच्या लीगल विभागात बसून हेच तंटे हाताळताना दोन्ही बाजू चुकलेल्या दिसतात. रोजची भांडणं कपातीची नसतातच. एकट्या कामगारावर गैरवर्तनाचा ठपका, त्याची असतात. तिथे संहितेतले दुसरे ३०० नडतात: स्थायी आदेशांचं, म्हणजे कारखान्यातल्या नोकरी आणि शिस्तीच्या लेखी नियमांचं प्रकरणही आता ३०० कामगारांपासूनच लागू. महाराष्ट्रात पूर्वी ५० पासून होतं. गैरवर्तन कशाला म्हणायचं, निलंबनात निर्वाह भत्ता किती (९० दिवस अर्धा पगार, पुढे पाऊण), चौकशी कधी संपवायची, हे सगळं त्यात. १८० कामगारांच्या कारखान्यावर ते बंधन उरलं नाही.

मालकांनी पेढे वाटू नयेत. कोर्टात कंपनीची केस पडते ती तिच्याच खात्यांतर्गत चौकशीत. आरोपपत्रात ‘साहेबांशी उद्धट वागला’ एवढंच; तारीख, पाळी, नेमके शब्द गायब. आरोपपत्रावर ज्या एचआर मॅनेजरची सही, तोच चौकशी अधिकारी. साक्षीदाराचा जबाब आधीच टाइप केलेला, उलटतपासणीच्या जागी ‘प्रश्न नाहीत’. अहवालाची प्रत बडतर्फीच्या पत्रासोबतच हातात. कोर्टाने अशी चौकशी रद्द केली की आरोप पुराव्यानिशी नव्याने सिद्ध करावा लागतो, आणि तोवर साक्ष देणारा सुपरवायझर नोकरी सोडून पुण्याला गेलेला असतो.

इंग्लंडमध्ये एकासची (Acas, कामगार-मालक तंटे सोडवणारी सरकारी संस्था) शिस्तसंहिता पाच माणसांच्या दुकानालाही लागू. शक्यतो तपास एकाकडे, सुनावणी दुसऱ्याकडे, अपील तिसऱ्याकडे. विनाकारण डावललं तर भरपाई २५ टक्क्यांपर्यंत वाढते. तिथेही सगळं गोड नाही: सर्वसाधारण बडतर्फीला आव्हान द्यायला सध्या दोन वर्षांची नोकरी लागते, आणि दावा तीन महिन्यांच्या आत. पण पद्धत माणसं मोजून ठरत नाही.

बुटीबोरीतल्या युनियनने पुढच्या वेतनकरारात तीन कलमं मागावीत: निर्वाह भत्ता, बाहेरचा चौकशी अधिकारी, आणि शिक्षेआधी अहवालाची प्रत. कंपनीच्या वकिलानेही मालकाला त्यावर बिनधास्त सही करायला लावावी.