सतरा वर्षांची पोरं अशी वागतात का? (एका कमेंटला उत्तर)

नमस्कार,

'सिक्स ऑफ क्रोज' या ली बार्डुगोच्या फँटसी कादंबरीवरच्या (पोरांची एक टोळी अभेद्य किल्ल्यात चोरी करायला निघते, ती) माझ्या पोस्टखाली तुम्ही टाकलेली कमेंट सकाळी वाचली, दुपारी परत वाचली, आणि दोन ओळींत हे मिटणार नाही असं वाटलं म्हणून इथे सविस्तर लिहितेय. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. पुस्तकाची सुरुवात कळत नाही, ऐन चोरीच्या मध्ये फ्लॅशबॅक घुसतात, लेखिका प्लॅन मुद्दाम लपवून ठेवते, हे सगळं मीच लिहिलंय आणि तरी पुस्तक आवडलं म्हणतेय, म्हणजे मला वाचता येत नाही. आणि मग शेवटचं वाक्य: "सतरा वर्षांची पोरं अशी वागत नाहीत, एवढं साधं ज्या बाईंना कळत नाही त्यांनी पोरांच्या पुस्तकांवर न लिहिलेलं बरं."

सुरुवातीबद्दल तुमचं बरोबर आहे, मान्य. ग्रिशा (जादूची ताकद असलेली माणसं) म्हणजे कोण, त्यांच्यातला हार्टरेंडर (समोरच्याचं काळीज काबूत घेणारा) काय करतो, हे सगळं ली बार्डुगोच्या आधीच्या तीन पुस्तकांत येऊन गेलंय, ती न वाचता थेट इथे आलेल्या माणसाला बराच वेळ चाचपडावं लागतं, आणि ज्या पहारेकऱ्याच्या नजरेतून पहिलं प्रकरण येतं त्याच्यात जीव गुंतवावा तर तो पुढे सांगायला येतच नाही. बाकी फ्लॅशबॅक आणि प्लॅनचे मुद्दे माझ्याच पोस्टमधले आहेत, तेच आवाज चढवून मला ऐकवलेत, त्यावर वेगळं काय बोलायचं. आणि "मराठीत इतकं असताना हे कशाला" यावर मी उत्तर देणार नाही, दोन्ही वाचता येतं माणसाला.

पण ते शेवटचं वाक्य. तुमचा राग पुस्तकावर असता तर मला काहीच वाटलं नसतं, पुस्तकं भांडण्यासाठीच असतात. तुम्ही मात्र माझ्या लायकीवर गेलात, तेही मी काय करते, कुठे काम केलंय, कशाचा पत्ता नसताना. म्हणून सांगते.

मी मुंबईत बरीच वर्षं रात्रशाळेत शिकवलंय. नववी-दहावीचे वर्ग, पण वयं सोळा, सतरा, अठरा, कारण मध्ये शाळा सुटलेली असते. दिवसभर गॅरेजमध्ये, कॅन्टीनमध्ये, कुरिअरवर काम करून पोरं संध्याकाळी येऊन बसायची, नखांत ग्रीस तसंच. त्यातला एक दर महिन्याला पगार झाला की मागच्या बाकावर नोटांच्या तीन गड्ड्या करायचा, भाडं, किराणा, आजीची औषधं. एकदा घरमालकाचा फोन आला तर वर्गाबाहेर जाऊन असा बोलला की मी आत फळ्यापाशी थांबून ऐकत राहिले, आवाज न चढवता, एक शब्द जास्त न बोलता आठवड्याची मुदत मिळवून आला आणि मला म्हणाला, मॅडम, पुढचं गणित घ्या. सतरा वर्षांचा होता. आणि हाच मुलगा नवीन बूट घेतले तेव्हा प्रत्येक बाकापाशी जाऊन पाय पुढे करून दाखवत होता. आता मला सांगा, सतरा वर्षांची पोरं कशी वागतात?

टोळीचा म्होरक्या कॅझ ब्रेकर मला म्हणूनच खोटा वाटत नाही. नऊ वर्षांचा असताना हा पोरगा थोरल्या भावाबरोबर केटरडॅमला, कादंबरीतल्या बंदराच्या शहरात, येतो, दोघं फसवले जातात, पैसे जातात, रस्त्यावर येतात, मग साथीत भाऊ मरतो, आणि हा जिवंत असून मेलेल्यांच्या ढिगात फेकला जातो. तिथून तो किनाऱ्याला येतो तो भावाच्या फुगलेल्या प्रेताला धरून. म्हणून त्याला कुणाची कातडी सहन होत नाही, म्हणून हातमोजे. आइस कोर्टला, म्हणजे चोरी करायची त्या किल्ल्यात, जाताना कैद्यांच्या गाडीत माणसं अंगाला अंग लागून कोंबलेली असतात, तेव्हा ज्याला अख्खं बॅरल (केटरडॅमची गुंडांची वस्ती) घाबरतं तो कॅझ शुद्ध हरपतो. तुम्ही हातमोजे आणि तो टेकत चालतो त्या काठीला "नुसती स्टाइल" म्हणालात. लेखिकेला स्वतःला ऑस्टिओनेक्रोसिस आहे, हाडांचा आजार, कधीकधी काठी घ्यावी लागते, हे तिने पुस्तकाच्या शेवटी आभारात लिहून ठेवलंय. आभाराची पानं वाचायचे कष्ट घेतले असते तर हा शब्द वापरला नसतात.

आणि त्यांचं वय दिसत नाही असं कोण म्हणतं? ते चोरीत शोधू नका. तीन कोटी क्रुगेंसाठी (तिथलं चलन) आजवर कुणी न फोडलेल्या किल्ल्यात शिरण्याचा प्लॅन कॅझ करू शकतो, पण परतीच्या जहाजावर टोळीतल्या इनेजला "थांब" म्हणायची वेळ येते तेव्हा त्याची बोबडी वळते. ती विचारते, मला कसा भेटणार तू, हातमोजे घालूनच? आणि या हुशार पोराकडे उत्तर नसतं. चाळिशीचा माणूस तिथे काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेईल. हा नुसता उभा राहतो. टोळीतलाच जेस्पर घ्या, बाप गावाकडे समजतोय पोरगा युनिव्हर्सिटीत शिकतोय, आणि पोरगा जुगारात कर्जबाजारी. त्यांच्यातलाच वायलन आपल्याला वाचता येत नाही हे लपवत फिरतो. सतरा वर्षांचं पोर नाहीतर दुसरं कोण असं करतं?

इनेज धुराड्यातून सहा मजले चढते ते प्रकरण तर मी परत परत वाचलंय. खालून धग, बुटांचे रबरी तळ वितळताहेत, पकड सुटतेय. चोरी म्हणून बघाल तर कुणीतरी चढलं पाहिजे म्हणून ती चढते, एवढंच, आणि तुम्ही तेवढंच बघितलंत. पण चढताना ती ठरवत असते की चौदाव्या वर्षी पळवून विकल्या गेलेल्या मुलीने यापुढे कशासाठी जगायचं. या एका प्रकरणासाठी मी सगळे फ्लॅशबॅक माफ करते, आणि हो, करते, त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. दोष दिसणं आणि पुस्तक आवडणं या दोन गोष्टी एकाच वाचकात राहू शकतात. तुम्ही दोष मोजलेत आणि माणसं बघायची राहून गेली, वाचणं ते नव्हे.

दुसरा भाग, 'क्रुकेड किंगडम', २०१६चा, त्यावर पुढच्या महिन्यात लिहिणार आहे. त्यात वायलनलाही स्वतःची प्रकरणं मिळतात आणि त्याबद्दल मला खूप बोलायचंय. यायचं तर जरूर या, खुशाल भांडा, पण पुस्तकावर भांडा. मी कशावर लिहावं आणि कशावर नाही हे मला तुम्ही सांगायचं नाही.