‘आपल्याकडे नाही’ म्हणणाऱ्यांना

जुळे सोलापुरातल्या आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘मुलींचा खतना हा आफ्रिकेतला प्रकार, भारतात नाही. असला तरी मुलांच्या सुंतेसारखा किरकोळ. आणि बायकाच बायकांचं करतात, मग हक्काची ओरड कशाला?’ खाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली. खतना म्हणजे मुलीच्या बाह्य जननेंद्रियाचा भाग कापणं. मला गप्प बसवेना.

फक्त आफ्रिकेतला? युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे हे भोगून आज हयात असलेल्या मुली-बायका २३ कोटींहून जास्त आहेत आणि त्यातल्या सुमारे ८ कोटी आशियातल्या. इजिप्तमध्ये तर ख्रिस्ती घरांतही ही चाल आहे, तेव्हा एकाच धर्माकडे बोट दाखवणाऱ्यांनीही जरा थांबावं.

भारतात नाही, हे तर साफ खोटं. मुस्लिमांमधल्या दाऊदी बोहरा समाजातल्या मासूमा रानालवींसारख्या बायकांनी स्वतःच्या नावानिशी सांगितलंय: वय सातच्या आसपास, खाऊचं आमिष, अनोळखी खोली, ब्लेड. २०१७ मध्ये प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, तेव्हा केंद्राच्या मंत्रालयाने अधिकृत आकडेवारीच नसल्याचं सांगितलं. जे मोजलंच नाही ते ‘नाही’ कसं? २०१८ मध्ये ते घटनेचे प्रश्न ऐकणाऱ्या मोठ्या, घटनापीठाकडे गेलं.

सुंतेशी तुलना तर मला सहनच होत नाही. जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते, मुलींच्या खतन्याचा आरोग्याला काडीचा फायदा नाही. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लघवीची आग, पुढे बाळंतपणात धोका. काही ठिकाणी तर योनिमार्ग शिवूनही टाकतात. आणि कारण काय, तर मुलीची इच्छा मरावी, ती ताब्यात राहावी. मुलाची सुंता करताना हा हेतू कुणाच्या मनात असतो?

राहिलं ‘बायकाच करतात’. शनिवारी पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायकांकडे आरोग्याच्या गप्पांना जाते, तिथे हा मेसेज वाचून दाखवला. एकजण मापाचा पत्रा पानावर ठेवून कापत होती. तिची कात्री थांबली. ‘हुंड्यासाठी सासूच सुनेला जाळते की बाई, मग सुनेचा हक्क संपला का? आणि त्या सात वर्षांच्या पोरीला कुणी विचारलं?’

ही प्रथा आपल्या फौजदारी कायद्याने आणि पोक्सोने, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने, गुन्हाच ठरते, असं केंद्राच्या वकिलांनी २०१८ मध्ये कोर्टात सांगितलंय. पण पोक्सोखाली तक्रार करायची म्हणजे त्या पोरीने कुणाविरुद्ध करायची? हात धरून त्या खोलीत नेणाऱ्या आईविरुद्ध, की आजीविरुद्ध?