खुलासा : घोड्यांबाबतचं ते विधेयक कायदा झालंच नाही

‘कत्तलीसाठी जिवंत घोडे परदेशी पाठवायला कॅनडात बंदी’ असा मजकूर फिरतोय. खरा असता तर किती बरं झालं असतं! या बंदीसाठीचं सी-३५५ विधेयक मे २०२४ मध्ये तिथल्या कनिष्ठ सभागृहात मंजूर झालं, इथवर बरोबर. पण सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, ते अडकलं आणि जानेवारी २०२५ मध्ये संसदेचं सत्र संपवल्यावर बारगळलं.

हे धिप्पाड घोडे तीन-तीन, चार-चार करून लाकडी खोक्यांत भरतात आणि विमानाने जपानला नेतात. चारा-पाणी-विश्रांतीविना २८ तासांपर्यंतचा प्रवास कॅनडाच्या नियमात बसतो. अठ्ठावीस तास!

ब्रिटनमधली २०२४ ची अशीच बंदी मात्र खरी आहे. उत्तर आयर्लंड तेवढं त्यात नाही. कृपया तो मजकूर पुढे पाठवू नका, लढा संपला असा लोकांचा समज होतो.