'एफपीएस दुप्पट' करणाऱ्या त्या फॉरवर्डमधले सात उपाय : एकेक तपासून

गेम खेळणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. 'जुनं ग्राफिक्स कार्ड नव्यासारखं पळवा, एफपीएस दुप्पट, कंपन्या हे कधीच सांगणार नाहीत' असा त्याचा मथळा. एफपीएस म्हणजे एका सेकंदात पडद्यावर किती चित्रं (फ्रेम) येतात तो आकडा. खाली सात उपाय, मध्येच एक लिंक, आणि शेवटी 'मित्रांना पाठवा'. अकोल्यात राहणाऱ्या माझ्या भाच्याने त्यातले बहुतेक उपाय करून टाकले. पीसी आधी गेममध्ये अडकायचा, आता तो साधा ब्राउझर उघडतानाही अडकायला लागला. त्याच पीसीवरून वहिनी बँकेचे व्यवहार करतात, आणि त्यावरचा अँटीव्हायरस बंद होता. दादाचा फोन आला तेव्हा मला हे सगळं कळलं. भाच्याला मी दोष देत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला कुणीतरी ठामपणे, पायरीपायरीने सांगितलं की तो करणारच. राग आहे तो हे लिहिणाऱ्यावर आणि न तपासता पुढे ढकलणाऱ्यांवर.

पहिला उपाय : 'एमएसकॉन्फिग उघडा, बूटमध्ये ॲडव्हान्स्ड ऑप्शन्सला जा, नंबर ऑफ प्रोसेसर्सवर टिक करून सर्वांत मोठा आकडा निवडा, मॅक्सिमम मेमरीवर टिक करून आकडा टाका. विंडोज मुद्दाम एकच कोर वापरतं.'

एमएसकॉन्फिग म्हणजे विंडोज सुरू होतानाची सेटिंग बदलायचं साधन. पण हा दावा धादांत खोटा आहे. विंडोज सुरू झाल्यापासून प्रोसेसरमधले सगळे कोर, म्हणजे काम करणारे भाग, वापरतं. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या आलेखावर उजवी क्लिक करून 'लॉजिकल प्रोसेसर्स' निवडलं की एकेक कोर काम करताना दिसतो. ज्या दोन सेटिंगला हात लावायला सांगितलंय, त्यांचं काम काय हे मायक्रोसॉफ्टने स्वतः लिहून ठेवलंय. ड्रायव्हर (हार्डवेअर विंडोजशी जोडणारा प्रोग्राम) लिहिणाऱ्यांसाठीच्या त्यांच्या दस्तऐवजात बूटच्या सेटिंगची यादी आहे. तिथे पहिलीचा अर्थ दिलाय : दिलेल्या संख्येइतकेच प्रोसेसर वापर. दुसरीचा अर्थ : दिलेल्या पत्त्यापासून पुढची सगळी मेमरी सोडून दे. आपला ड्रायव्हर कमी ताकदीच्या मशीनवर कसा वागतो हे तपासायला प्रोग्रामर मंडळी या सेटिंग वापरतात. म्हणजे या सेटिंगने मशीनची ताकद फक्त कमी होऊ शकते. सर्वांत मोठा आकडा निवडला तर फायदा शून्य, त्याहून लहान निवडला तर नुकसान. वाढ कुठल्याच बाजूने शक्य नाही.

भाच्याचं कार्ड ४ जीबीचं, म्हणून त्याने मेमरीच्या चौकटीत ४०९६ लिहिलं. पीसीमध्ये रॅम १६ जीबी. रीस्टार्टनंतर विंडोजच्या हाती पूर्ण ४ जीबीसुद्धा उरली नाही, कारण त्या पहिल्या ४ जीबीच्या पत्त्यांतला काही भाग हार्डवेअरसाठी राखलेला असतो. बाकीची रॅम टास्क मॅनेजरमध्ये 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' म्हणून दिसत होती. गेमला लागणारी मेमरी मग डिस्कवरून आत-बाहेर होणार, आणि चित्र अडकणारच. कार्डाची मेमरी आणि ही मेमरी यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे लिहिणाऱ्याला माहीत नसेल तर त्याने लिहायला नको होतं.

दुसरा : 'गेम चालू असताना कार्ड १०० टक्के वापरात दिसलं तर ते जळायला लागलंय समजा.'

उलट आहे. जड गेममध्ये, म्हणजे 'सायबरपंक २०७७' किंवा 'रेड डेड रिडेम्प्शन २'सारख्या, कार्ड ९५ ते १०० टक्के वापरात असणं ही निरोगी स्थिती आहे. तुम्ही पैसे मोजलेत ती सगळी ताकद वापरली जातेय. संशय घ्यावा तो एफपीएस कमी आणि कार्डाचा वापरही कमी असं दिसल्यावर.

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण बाकीचा सगळा तपास यावर उभा आहे. प्रत्येक फ्रेम दोघांच्या हातून जाते. प्रोसेसर ठरवतो कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली, काय काढायचं. कार्ड ते काढतं. एक जण भाकऱ्या थापतोय आणि दुसरा भाजतोय, तर ताटात भाकरी येण्याचा वेग दोघांपैकी जो हळू त्याचाच असतो. ६० एफपीएस हवे असतील तर दोघांनाही प्रत्येक फ्रेमसाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. 'व्हॅलोरंट'सारख्या गेममध्ये चित्र हलकं असतं, त्यामुळे बहुतेक वेळा प्रोसेसरच अडवतो आणि कार्ड ४० टक्क्यांवर निवांत दिसतं. तिथे कार्डाला दोष देऊन उपयोग नाही.

कोण अडवतंय हे ओळखायची सोपी तपासणी : गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. एफपीएस बऱ्यापैकी वाढले तर कार्ड अडवत होतं. जवळपास तेवढेच राहिले तर प्रोसेसर, रॅम किंवा एखादी मर्यादा, म्हणजे व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाशी बांधणारं सेटिंग) किंवा गेममधलाच फ्रेम लिमिट. 'पण सीपीयू तर ३०च टक्के दाखवतोय' असं म्हणू नका. थ्रेड म्हणजे प्रोसेसरमधली कामाची एक रांग. बारा थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो आठेक टक्केच दिसतो, आणि बरेच गेम एकाच मुख्य थ्रेडवर अडकतात.

तिसरा : 'रजिस्ट्रीत इंटेलच्या जीएमएम फोल्डरमध्ये डेडिकेटेड सेगमेंट साइज ५१२ करा, व्हीरॅम वाढेल.' रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही, व्हीरॅम म्हणजे ग्राफिक्ससाठीची मेमरी. ही नोंद फक्त इंटेलच्या बिल्ट-इन ग्राफिक्सची, आणि तिने बदलतो तो विंडोजला सांगितला जाणारा आकडा. 'व्हीरॅम अपुरी आहे' म्हणून सुरूच न होणारा एखादा जुना गेम यामुळे सुरू होतो, एवढं मान्य. मेमरी एक बाइटही वाढत नाही. वेगळं कार्ड असलेल्या पीसीवर तर या नोंदीचा काही संबंधच नाही. व्हीरॅम कमी पडत असेल तर गेममधलं टेक्श्चर क्वालिटी एक पायरी खाली आणा. ४ जीबीच्या कार्डावर अडकणं कमी करायला एवढा एक बदल पुष्कळदा पुरतो.

चौथा : 'विंडोज डिफेंडर बंद करा, मग खालच्या लिंकवरून बूस्टर उतरवा. पासवर्ड १२३४. अँटीव्हायरस त्याला चुकून व्हायरस म्हणतो, घाबरू नका.'

बाकीचे सहा उपाय मूर्खपणाचे असतील, हा धोक्याचा आहे. या वाक्यातली प्रत्येक गोष्ट ओळखीची आहे. झिप फाइलला पासवर्ड लावतात तो आतली फाइल डाउनलोड होताना स्कॅन होऊ नये म्हणून. डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, आधीच बंद करायला सांगतात तो ती उघडल्यावरही पकडली जाऊ नये म्हणून. आणि 'चुकून व्हायरस म्हणतो' हे वाक्य असतं ते तुम्ही इशारा वाचून थांबू नये म्हणून.

अशा फाइलींमधून काय येतं ते जगजाहीर आहे. रेडलाइन नावाचा पासवर्डचोर प्रोग्राम गेमच्या चीट आणि क्रॅकच्या नावाखाली वर्षानुवर्षं पसरवला गेला. त्याची यंत्रणा मोडण्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या पोलिसांना अमेरिकेसह इतर देशांच्या पोलिसांबरोबर 'ऑपरेशन मॅग्नस' करावं लागलं. एक मोडला तरी त्या जातीचे इतर आहेतच. असा प्रोग्राम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलतो आणि कुकीजही उचलतो. कुकी म्हणजे तुम्ही आधीच लॉगिन केलंय याचा पुरावा. ती हाती लागली की पुष्कळ खात्यांत पासवर्ड आणि ओटीपी न विचारताच शिरता येतं. मुलगा गमावेल त्याचं गेमचं स्टीम खातं. आई गमावेल तिचा ईमेल, आणि ईमेलला काय काय जोडलेलं असतं हे सांगायला नको.

समजा फाइल खरंच स्वच्छ आहे. तरी ती करणार काय? हे बूस्टर मागे चालणारे काही प्रोग्राम बंद करतात. ते काम टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप ॲप्स' यादीत तुम्ही स्वतः पाच मिनिटांत करू शकता, फुकट आणि कुणाची फाइल न उघडता. ब्राउझरच्या उघड्या टॅब बंद केल्यात तरी ८ जीबी रॅमच्या पीसीवर फरक जाणवेल.

पाचवा : 'मेमरी इंटिग्रिटी आणि सिक्युअर बूट बंद करा.' इथे मला थोडं मागे यावं लागतंय. मेमरी इंटिग्रिटीमुळे, म्हणजे घातक कोडला विंडोजच्या गाभ्यात शिरू न देणाऱ्या संरक्षणामुळे, काही पीसींवर गेमचा वेग कमी होतो हे खरं आहे, आणि २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच विंडोज ११ साठी तसं लिहिलं. पण त्याच सूचनेत पुढे आहे की खेळून झाल्यावर ते परत चालू करा, बंद असताना मशीन धोक्याला उघडं राहतं. फॉरवर्डने पहिलं वाक्य घेतलं, दुसरं सोडलं. सिक्युअर बूटचा तर वेगाशी संबंधच नाही, तो फक्त सुरू होतानाची तपासणी करतो. आणि विंडोज ११ वर 'व्हॅलोरंट'ला तो चालूच लागतो. म्हणजे वेग वाढवायला बंद केलात आणि गेमच उघडायचा थांबला.

सहावा : 'ड्रायव्हर अपडेटर ॲप टाका, ड्रायव्हर रोज नवा ठेवा.' असलं ॲप नको. ड्रायव्हर एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. नवा ड्रायव्हर नव्या गेमला मदत करतो, हे खरं. पण नवा म्हणजे चांगलाच असं नसतं : २०२३ मध्ये एनव्हिडियाच्या ५३१.१८ ड्रायव्हरमुळे गेम बंद केल्यावरही प्रोसेसर गुंतून राहायचा, आणि त्यांना ५३१.२६ ही दुरुस्ती काढावी लागली. गेम नीट चालतोय तर ड्रायव्हरला उगाच हात लावू नका.

सातवा : 'तरीही स्लो असेल तर कार्ड ओव्हनमध्ये २०० डिग्रीवर ८ मिनिटं ठेवा.' हे वाचून मी सुन्न झाले. ही जुनी जुगाडू युक्ती पूर्ण बंद पडलेल्या कार्डांसाठी होती, मंद चालणाऱ्यांसाठी नव्हे. त्यांतली काही कार्डं थोडे दिवस जिवंत होऊन पुन्हा मरायची. शिशाविना सोल्डर (भाग बोर्डला जोडणारा धातू) वितळायला साधारण २१७ अंश लागतात, म्हणजे २०० वर सांधे नव्याने जुळतही नाहीत. प्लास्टिक आणि कपॅसिटर मात्र खराब होतात, आणि फ्लक्सचा (सोल्डरबरोबर वापरलेल्या रसायनाचा) धूर ज्या ओटीजीत तुम्ही केक करता त्यातच बसतो. चालणारं कार्ड यात घालू नका.

आता या सात उपायांत जे एकदाही आलं नाही ते. मॉनिटरची केबल कुठे लावलीय बघा. ती मदरबोर्डच्या मागच्या एचडीएमआयमध्ये असेल तर चित्र बिल्ट-इन ग्राफिक्सवरून येतंय. पीसी हलवल्यावर हे हमखास होतं. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून खेळा, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्सखाली त्या गेमला 'हाय परफॉर्मन्स' निवडा. लॅपटॉपमध्ये नाव सारखं म्हणजे वेग सारखा, असंही नसतं : आरटीएक्स ४०६० लॅपटॉपमध्ये ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज घेणारं असू शकतं. मित्राच्या लॅपटॉपशी तुलना करण्याआधी तो आकडा बघा.

रॅमची एकच स्टिक असेल तर दुसरी तशीच घाला; प्रोसेसर अडवतोय अशा गेममध्ये फरक दिसतो. ३२०० वेगाची रॅम बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, चालू न केल्याने अनेकदा २१३३ किंवा २६६६ वरच चाललेली असते. आणि ऑफिसमधून निघालेल्या जुन्या पीसीत नवं स्वस्त कार्ड बसवणाऱ्यांनी विशेष लक्ष द्या. २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या आरएक्स ६५०० एक्सटीला पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या वाटेच्या, फक्त चार लेन आहेत. चौथ्या पिढीच्या बोर्डवर ते ठीक चालतं; तिसऱ्या पिढीच्या बोर्डवर त्याची वाट निम्मी होते, एच८१ सारख्या त्याहून जुन्या बोर्डवर त्याच्याही निम्मी, आणि ४ जीबी मेमरी भरली की ते अडखळतं. कार्डात दोष नसतो, जोडी चुकलेली असते.

अकोल्याच्या उन्हाळ्यात खरा शत्रू उष्णता. कार्ड खोलीच्या हवेनेच थंड होतं. खोली दहा अंशांनी तापली तर कार्डही साधारण तेवढंच वर जातं, आणि मर्यादेजवळ पोचलं की स्वतःला वाचवायला क्लॉक (कामाचा वेग) खाली आणतं. पहिली दहा मिनिटं गेम छान आणि मग हळूहळू मंद, हे त्याचं लक्षण. भाच्याच्या कार्डाचे पंखे धुळीने भरले होते आणि कॅबिनेट भिंतीला टेकलेलं होतं. ब्लोअरने धूळ काढली, कॅबिनेट पुढे ओढलं, साइड पॅनलसमोरचं दप्तर हलवलं. धूळ काढताना पंखा बोटाने धरून ठेवा, हवेने त्याला गरगर फिरू देऊ नका.

ज्यांनी हे उपाय आधीच केलेत त्यांनी ते उलटवावेत. एमएसकॉन्फिगमधल्या दोन्ही टिक काढा आणि रीस्टार्ट करा. डिफेंडर, मेमरी इंटिग्रिटी आणि सिक्युअर बूट परत चालू करा. ती बूस्टरची फाइल एकदा जरी उघडली असेल तर डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा, पीसीतला महत्त्वाचा डेटा बाजूला काढून विंडोज नव्याने टाका. पासवर्ड त्या पीसीवरून बदलू नका, फोनवरून बदला. आधी ईमेलचा, मग बँकेचा, मग गेमच्या खात्यांचा, आणि प्रत्येक ठिकाणी 'सर्व डिव्हाइसवरून लॉग आउट' करा, म्हणजे चोरलेल्या कुकीज निकामी होतात.